मोमिरच्या नावेवरचा दिवा

अपातिन, १४ सप्टेंबर

रेल्या, गाढवा,

तुझ्या आईला फोनवर सांगून झालं, तुला निरोपावर निरोप धाडून झाले, तू आपला ढिम्म. म्हणून आता कागद. मावशीचं पत्र निदान फोडून तरी बघशील.

आमचा संगणकावरचा खेळ कुणी बिघडवला ते सरळ सांग. 'मोठं पाणी' तू आणि तुझ्या मित्रांनी माझ्याच स्वयंपाकघरात बसून केलात. मी तुम्हाला फिश पाप्रिकाश खाऊ घालत होते आणि माझा मोमिर शेजारी बसून ओरडत होता, "अरे, भरलेली बार्ज अशी वळत नसते, तिला वळायला अर्धी नदी लागते!" जहाजांच्या कारखान्यात जन्म गेला त्याचा, त्याचं ऐकलंत म्हणून तुमच्या नावा खऱ्यासारख्या चालल्या. इतकी वर्षं आम्ही खेळलो. संध्याकाळी कोळसा भरायचा, गप्पा मारत नोवी सादपर्यंत जायचं, माल उतरवायचा, झोपायला जायचं. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.

आता कोळसा व्हुकोवारच्या वळणावरच संपतो. मग पडद्यावर चौकट येते. विकत घ्या, नाहीतर चार तास थांबा. भर नदीत, नांगर टाकून, चार तास! अख्खी नोकरी मी बसस्टँडवर गाड्या पुकारण्यात घालवली, पण प्रवाशांना अर्ध्या रस्त्यात उतरवून 'पुढचं तिकीट वेगळं' असं कधी सांगितलं नाही.

आणि त्या पेट्या! किल्ली विकत घ्यायची, पेटी उघडायची, आत काय निघेल ते देवाला ठाऊक. आमच्या ताफ्यात खेळणारी कालिना, नीशला नर्स आहे, चांगली शहाणी पोरगी. धुक्यातला दिवा मिळेल म्हणून तिनं किल्ल्यांवर अर्धा पगार उडवला. मिळाल्या काय, तर रंगीत टोप्या. त्या पोरीला रडताना ऐकलं मी.

तेही मी गिळलं असतं. पण आज जी सूचना आली ती गिळणार नाही. 'वर्षभर न हललेल्या नावा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर हटवण्यात येतील. आपली नाव जपण्यासाठी १ नोव्हेंबरपासून शांत धक्का घ्या. महिना फक्त तीनशे नव्वद दिनार.'

शांत धक्का! हे बारसं कुणी केलं रे?

कुठली नाव हलत नाही ते तुला माहीत आहे. मोमिरनं जाण्यापूर्वी 'चिगा' शेवटची बांधली तशीच ती खेळातल्या अपातिनच्या धक्क्याला उभी आहे. डेकवर त्याचा तो पोटसुट्या माणूस पाइप ओढत बसलाय. पितरांच्या शनिवारी आपण कबरीवर गहू आणि वाइन नेतो, तसा सगळा ताफा दुपारी त्याच्या नावेभोवती जमतो. तशा कितीतरी नावा आहेत तिथे. आमच्याबरोबर खेळणाऱ्या रातोमिरच्या, गेलेल्या भावाची आहे. त्या नावांचं भाडं मागता तुम्ही?

मी देणार नाही. उत्तर पाठव.

विदामावशी

*

नोवी साद, २१ सप्टेंबर

प्रिय मावशी,

मीही कागदावरच लिहितोय, कारण नव्या मालकांनी आम्हाला फोन दिलेत आणि त्या फोनवर आपण काय बोलतो ते त्यांना वाचता येतं. खेळाबद्दल खेळणाऱ्यांशी बोलायचं नाही, अशा कागदावर सही घेतली आहे. मावशी असली तरी. तेव्हा हे पत्र वाचून फाडून टाक, कपाटात ठेवू नकोस. मी ओळखतो तुला.

बारसं मी केलं नाही. आमच्यातल्या कुणीच नाही. आम्ही पाच जणांनी खेळ विकला तेव्हा वाटलं होतं, पैसा येईल, माणसं वाढतील, हंगेरीपर्यंतची नदी करता येईल. आता एका खोलीत आम्ही नदी करतो आणि शेजारच्या खोलीत अशी माणसं बसतात ज्यांनी खेळ एकदाही खेळलेला नाही. त्यांच्याकडे फक्त आकडे येतात. त्यांना दिसलं की काही नावा कधीच हलत नाहीत, तरी लोक सारखे तिथे जातात. का जातात, ते त्यांनी विचारलं नाही. एवढंच म्हणाले की जिथे लोक जातात तिथे दुकान हवं. मी बोललो गं. सांगितलं की ही मेलेल्या माणसांची आठवण आहे. त्यावर तिथला तो सगळ्यांशी गोड बोलणारा साहेब म्हणाला, "म्हणजे ते नक्की देतील."

मी तिथेच उठायला हवं होतं. उठलो नाही. इस्क्राला सातवा महिना आहे, घराचं कर्ज तुला माहीत आहे.

एक गोष्ट सांगतो, माझं नाव कुठे घेऊ नकोस. ही माणसं फक्त पहिला आठवडा बघतात. पहिल्या आठवड्यात कुणी पैसे भरले नाहीत तर ती वस्तू गुपचूप मागे घेतात आणि 'आम्ही तुमचं ऐकलं' अशी पाटी लावतात. भरले, तर ती कायमची राहते.

पण सगळ्यांनी आठवडाभर थांबणं जमणार नाही हे मला दिसतंय. त्यापेक्षा 'चिगा'चं मी भरतो. तू लक्षच घालू नकोस.

तुझा,
रेल्या

*

अपातिन, ३० सप्टेंबर

रेल्या,

पत्र फाडलं. चुलीत घातलं, समाधान?

आता ऐक. परवा मी सगळ्या ताफ्यांच्या म्होरक्यांना अपातिनच्या धक्क्यावर बोलावलं. नावाच नावा, वारा जायला फट नाही. मी बोलले. बसस्टँडचा आवाज अजून शाबूत आहे माझा. सांगितलं, पहिल्या आठवड्यात एकानंही दिनार भरायचा नाही. कुठून कळलं ते विचारू नका. रातोमिर, तो ट्रकवाला, आधी गुरगुरला. म्हणाला, "विदा, माझ्या भावाचं दुसरं काही उरलं नाही गं. आठवडा संपला आणि त्यांनी ऐकलंच नाही तर?" मी म्हटलं, "तर माझ्या मोमिरची नाव आधी बुडेल, तुझ्या भावाची नंतर. मी पुढे उभी आहे." तेव्हा त्यानं भावाची शपथ घेतली. सगळ्यांनी आपापल्या मेलेल्या माणसाची शपथ घेतली.

आणि तू काही भरायचं नाहीस. मला आपल्या घराची खोड माहीत आहे. मोमिर खानावळीत "हात धुऊन येतो" म्हणून उठायचा आणि परत यायचा तो सगळ्या टेबलाचं बिल भागवून. मग तुझे बाबा चिडायचे, दोघांची जुंपायची, वेटर मध्ये पडायचा. तुझ्यातही त्याचीच खोड उतरली आहे. मावशी म्हणून सांगते, माझ्यासाठी हात धुवायला उठू नकोस. मी शब्द दिलाय.

इस्क्राला उभं राहून इस्त्री करू देऊ नकोस.

विदामावशी

*

नोवी साद, १२ ऑक्टोबर

मावशी,

हे सांगायला मन होत नाही, पण तुला कळलं पाहिजे. मी विचारलं होतं की हटवलेल्या नावांची एक प्रत ठेवू या, चूक झाली तर परत आणता येईल. काम काहीच नाही, अर्ध्या दिवसाचं. ते म्हणाले, ठेवायची नाही. परत मिळतं असं कळलं तर लोक वाट बघत बसतील. कायमची जाणार म्हटल्यावरच हात खिशात जातो.

म्हणजे गेली ती गेली. मोमिरकाकानं गंज लागू नये म्हणून रंगवलेली ती वेडीवाकडी लाल रेघ, त्याचा पाइप, त्यानं जमवलेले सगळे भोंगे, सगळं जाईल. मलाही ते परत करता येणार नाही.

ऑफिसात हवा चांगली नाही. तुमच्या शपथेची बातमी लागली आहे त्यांना. त्यांनी आणखी एक युक्ती काढली. जो पैसे भरेल त्याच्या नावेच्या डोलकाठीवर हिरवा दिवा लागणार. लांबून दिसेल असा. शेजारच्या नावेवर दिवा दिसला की माणसाला राहवत नाही म्हणे. तो दिवा करायचं काम माझ्याकडे आलं. मी केला. चांगला झाला आहे, आणि त्याचीच मला लाज वाटते.

मावशी, हट्ट सोड. शपथ खेळातली आहे.

रेल्या

*

अपातिन, २० ऑक्टोबर

रेल्या,

शपथ खेळातली, आणि दिनार मात्र खरे? वा रे वा.

हट्ट सोडणार नाही. पण तुझ्यापाशी खोटं बोलत नाही, मला भीती वाटते. रोज सकाळी कॉफी घेऊन बसते आणि 'चिगा'पाशी जाते. तो पाइप ओढत असतो. मी त्याला भाव सांगते, टोमॅटो केवढ्याला झाले, कोण गेलं, कुणाची पोरगी पळाली. कबरीवर जाते तेव्हा मला बोलायला सुचत नाही. तिथे दगड आहे, त्यावर त्याचा तो टाय लावलेला फोटो आहे, आणि जन्मात त्यानं टाय लावला नव्हता. इथे तो बनियनवर आहे. मला तो इथेच सापडतो. तो गेल्यावर मी कुणाशी बोलू, सांग.

काल रात्री एकदा वाटलं, सुरू होताच भरून टाकावेत. 'आधीच नोंदवा' अशी चौकट आहे, तिथपर्यंत गेले आणि परत आले. रातोमिरला काय तोंड दाखवू?

हे तुझ्या आईला सांगू नकोस. ती रडत बसेल.

विदामावशी

*

अपातिन, १ नोव्हेंबर, सकाळ

रेल्या,

तुझा फोन बंद. हे पत्र सोंबोरच्या बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतेय, तो माझा जुना माणूस आहे. त्याला सांगितलंय, नोवी सादला तुझ्या घरी जाऊन तुला हाक मारून द्यायचं, दुसऱ्या कुणाच्या हातात नाही.

आज सकाळी धक्क्यावर गेले. नावांच्या रांगाच रांगा, सगळ्या काळोख्या. आणि मधोमध एकच दिवा, हिरवा. 'चिगा'वर.

मला आधी कळेचना. मग माणसं यायला लागली. तुझ्या मालकांनी ते चित्र सगळ्यांना धाडलंय, 'पहिला दिवा लागला! आपण कधी?' रातोमिर आला. तो काय म्हणाला ते जसंच्या तसं लिहिते. "विदा, मी भावासाठी पैसे काढून ठेवले होते. तुझ्या शब्दावर थांबलो. तू आम्हाला रांगेत उभं केलंस आणि स्वतः मागच्या दारानं आत गेलीस." मी म्हटलं, मी नाही भरले. तो म्हणाला, "मग मोमिरनं भरले का?" आणि लोक हसले, रेल्या. माझ्यावर हसले.

आता तिथे आणखी दिवे लागायला लागलेत. मी मोजत नाही, बघवत नाही.

पण मला कळलंय हे कुणाचं काम आहे. तुझ्या मालकांचं! त्यांनी स्वतःच खोटा दिवा लावला, आमची शपथ मोडायला. माझीच नाव निवडली, कारण मी पुढे उभी होते. कालिनाची मैत्रीण वर्तमानपत्रात आहे. उद्या पितरांचा शनिवार, दुपारी सगळे धक्क्यावर येणार. तेव्हा मी सगळ्यांसमोर सांगणार की ही फसवणूक आहे, आणि कालिना ते छापायला देणार. तू फक्त एवढंच लिही की मी म्हणते ते खरं आहे. तुझं नाव येणार नाही. परतीच्या बसनं पाठव.

विदामावशी

*

नोवी साद, २ नोव्हेंबर, पहाट

मावशी,

छापायला देऊ नका. फसवणूक नाही. मी भरले.

तुझं वीस तारखेचं पत्र आलं आणि मला राहवलं नाही. कुणीही कुणाच्याही नावेचं भाडं भेट म्हणून भरू शकतो, तशी सोय आहे. सुरू झाल्या क्षणी भरलं, वर्षभराचं. मला वाटलं होतं, मी भरलं तर तुझा शब्द मोडत नाही. तू भरलंच नाहीस ना! मी हात धुवायला गेलो, मावशी. काकानं केलं असतं तेच केलं. भेटीतल्या नावेवर दिवा लावायचा नाही असं मी लिहून ठेवलं होतं. आदल्या संध्याकाळी कुणीतरी ते बदललं. मला विचारलंसुद्धा नाही.

काल दिवसभर आमचे फोन दारापाशी पेटीत ठेवून घेतले होते. शेजारच्या खोलीत टाळ्या वाजत होत्या. तो साहेब येऊन माझ्या पाठीवर थाप मारून गेला. म्हणाला, "एका दिव्यानं सगळी नदी पेटवली."

मी इस्क्राला सांगितलं. ती म्हणाली, जाऊन सगळ्यांसमोर कबूल कर. आज दुपारी धक्क्यावर मी माझ्या नावानिशी येतो आणि सांगतो की मी भरले, माझ्या मावशीला ठाऊकही नव्हतं. नोकरी जाईल. जाऊ दे. त्यांना तुझ्यावर हसायला मी लावलं आहे.

मी येईपर्यंत काही बोलू नकोस. पाया पडतो.

रेल्या

*

अपातिन, ३ नोव्हेंबर

रेल्या,

तू आलास तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. गर्दीत तुझी नाव मला मागे दिसली. तू बोलायला लागायच्या आत मी तुला ताफ्यातून बाहेर काढलं, म्हणून तुला ना काही ऐकू आलं, ना बोलता आलं. म्होरकी मी आहे, तेवढा हक्क आहे मला. आता काय झालं ते सांगते.

बस सकाळीच आली. पत्र मी स्टँडवरच उभ्यानं वाचलं. खूप राग आला. तू समोर असतास तर लोकांदेखत कानाखाली आवाज काढला असता. मग कबरीवर गेले, मेणबत्ती लावली, शेजारणीला शिजवलेला गहू दिला. तिनं चमचाभर खाल्ला आणि म्हणाली, "देव त्याला क्षमा करो." मेलेल्या माणसाच्या नावानं दिलेलं खाताना आपण आभार मानत नाही, एवढंच म्हणतो. मी तिथे उभी राहून विचार करत होते. कंपनीवर आळ घालावा, तर ते खोटं. तुझं नाव घ्यावं, तर तुझं पोर जन्माला यायच्या आधी बाप घरी बसणार. आणि गप्प बसावं, तर रातोमिरनं भावाची शपथ माझ्या भरवशावर घेतली होती.

दुपारी धक्क्यावर सगळे होते. निम्म्या जुन्या नावांवर दिवे लागले होते. मी म्हटलं, "दिवा माझ्या घरातून लागला आहे. मी लावला नाही, पण घर माझं आहे. कुणी लावला ते विचारू नका, सांगणार नाही. मी म्हटलं होतं, माझ्या मोमिरची नाव आधी बुडेल. तेवढा शब्द उरलाय माझ्याकडे."

रातोमिर म्हणाला, "विदा, वेडी का खुळी तू? आम्ही बोललो ते रागात."

मी 'चिगा'वर चढले. नाव माझ्या नावावर करून ठेवली होती त्यानं, तेव्हा हक्क माझाच. खाली गेले आणि तळाच्या झडपा उघडल्या. लगेच चौकट आली. 'थांबा! चिगा बुडत आहे. वाचवायची?' मोठं हिरवं बटण, 'वाचवा', खाली किंमत. आणि कोपऱ्यात बारीक करड्या अक्षरात, 'नको'. चष्मा चढवून शोधावं लागलं. मी नको दाबलं. परत आली. 'फक्त आपल्यासाठी निम्म्या किमतीत.' नको. पाणी डेकवर आलं होतं. मोमिर पाइप ओढत बसलेला. पाणी गुडघ्याला लागलं तरी बसलेलाच. तिसऱ्यांदा चौकट आली. 'आम्हाला आपली काळजी आहे. आज वाचवा, फुकट.'

तेव्हा माझा हात थांबला, रेल्या. फुकट. एक दिनारही द्यायचा नव्हता. शपथही मोडत नव्हती. पाणी त्याच्या छातीपर्यंत आलं होतं, ती लाल रेघ बुडाली होती. मी मोठ्यानं म्हटलं, "मोमिर, अरे काहीतरी बोल." तो काय बोलणार? तो धूर सोडत राहिला. मग मला वाटलं, आज फुकट देतील, आणि उद्यापासून माझा नवरा त्यांच्या मर्जीवर जगेल. रोज सकाळी कॉफी घेऊन मी त्यांच्या दारात उभी असेन.

मी नको दाबलं.

नाव गेली. पाणी सपाट झालं. मी हुंदके देऊन रडले आणि माझा आवाज सगळ्यांना ऐकू जात होता, बंद करायचं सुचलं नाही. मग रातोमिर म्हणाला, "देव त्याला क्षमा करो." त्याच्या मागून कालिना, आणि मग सगळे, एकामागून एक.

कुणी कुणाला सांगितलं नाही, पण त्यानंतर नवा दिवा लागला नाही. ज्यांनी लावले होते त्यांतल्या काहींनी उतरवले. आठवडा अजून जायचा आहे. काय होईल ते मला माहीत नाही, आणि तूही मला काही कळवू नकोस.

तुझ्यावर मी रागावले आहे, आणि बरेच दिवस रागावलेली राहीन. तू प्रेमानं केलंस ते मला कळतं, म्हणून तर जास्त राग येतो. नोकरी सोडायची की नाही ते तू आणि इस्क्रा ठरवा, माझ्या नावावर काही करू नका. बाळ झालं की मात्र पहिला फोन मला यायला हवा.

आज सकाळी सवयीनं कॉफी घेऊन धक्क्यावर गेले. 'चिगा'च्या जागी पाणी होतं आणि पाण्यात एक पाटी उभी केली होती, 'ही जागा भाड्यानं मिळेल'. मी माझी नाव त्या जागेत आडवी घातली आणि नांगर टाकला. थोड्या वेळानं रातोमिर आला, माझ्या नावेला दोर बांधून उभा राहिला. मग कालिना आली. दुपारपर्यंत एवढ्या नावा झाल्या की ती पाटी कुठे आहे ते मलाही दिसेना.

विदामावशी